टोपीवरची पत्री

राइनहिल्डनं शेवटचा स्क्रू काढून दातात धरला आणि पत्री अलगद बाहेर ओढली. टेबलाला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखलेला. पत्री तांब्याची, तळहाताएवढी, एका कोपऱ्यात वाकलेली, काळी पडलेली. तिच्या मागची विणलेली तार टेबलाच्या लोखंडी पायाशी बांधली होती. तिनं तीही सोडवली. तार शेपटीसारखी लोंबायला लागली.

"मेलेला उंदीर दिसतोय," दारातून हाउके म्हणाला.

"तू जिन्याकडं बघ. तुला तेवढ्यासाठीच उभं केलंय."

"बघतोय की. कुणी नाही. आत अजून सोलताहेत त्याला."

खालच्या मोठ्या वर्गात ओटमार श्ट्रोबेलची डॉक्टरकीची, म्हणजे पदार्थविज्ञानातल्या पीएचडीची, तोंडी परीक्षा चालली होती. त्याचं व्याख्यान झालं, मग बाकीच्यांना बाहेर काढलं, आणि आता बंद दाराआड प्रोफेसर लोक त्याला प्रश्न विचारत होते. तो बाहेर आला की डोक्यावर टोपी चढवायची. श्टुटगार्टच्या त्या टेकडीवरच्या विद्यापीठात ही रीतच होती. टोपी विकत आणायची नाही, बरोबरच्यांनी करायची. ज्याची टोपी त्याला वास लागू द्यायचा नाही. आणि टोपीवर त्याच्या खोलीतलं, त्याच्या हातचं काहीतरी पाहिजेच. नुसत्या काळ्या पुठ्ठ्याची टोपी घातली तर माणूस हसून घेतो आणि मनात कायमचं लिहून ठेवतो.

ओटमारच्या टोपीवर आतापर्यंत एक तडकलेला आरसा, एक जळका लेझर, वार्निश लावून टणक केलेला ब्रेत्झेल, म्हणजे तिकडचा पीळदार पाव, आणि दांडा कापलेला छोटा झाडू एवढं चढलं होतं. पण समोर, कपाळावर काही नव्हतं. तिथं राइनहिल्डला ही पत्री हवी होती. या खोलीत आल्यावर ओटमारनं स्वतःच्या हातानं कापलेली ही पहिली वस्तू, असं जुने लोक सांगायचे. राइनहिल्ड आली तेव्हा पत्री प्रयोगाच्या काचेच्या पेटीला टेकून उभी होतीच. कशासाठी आहे, असं तिनं एकदा विचारलंही होतं.

"असू दे तिथं," ओटमार म्हणाला होता. "खात-पीत नाही काही."

झालं. तिनं त्याचा अर्थ घेतला, की नुसती पडून आहे. तिथला कुणीही तोच अर्थ घेतला असता.

ओटमार होता आल्बच्या पठारावरचा. तिकडं पाणी खडकातून खाली निघून जातं आणि बोलणंही बहुतेक तसंच जात असावं. वडील सुतार, खिडक्या आणि दारं करायचे. हा घरातला पहिला शिकलेला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, पॅंटच्या खिशात कायम मोजायची घडीची पट्टी. शिव्या पडल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं असं समजायचं, हा त्या मुलखाचा कायदाच आहे, पण ओटमार त्याच्याही पुढं. राइनहिल्ड नवीन असताना तिनं दिवसेंदिवस झटून एक किरण आरशांमधून बरोबर पेटीच्या मध्यात नेऊन सोडला. ओटमारनं वाकून बघितलं, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, म्हणाला "बरं," आणि हातातल्या ब्रेत्झेलचा अर्धा तुकडा तोडून तिला दिला.

राइनहिल्डनं घरी सांगितलं तर तिची आई म्हणाली, "अर्धा ब्रेत्झेल? म्हणजे मागणी घातली की काय त्यानं?"

तसलं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून राइनहिल्ड त्याची झाली, म्हणजे कुणी ओटमारला वाकडं बोललं तर आधी तिला ओलांडून जावं लागायचं. तिचे वडील ट्राम चालवायचे, ती श्टुटगार्टच्या खालच्या वस्तीतली, तोंडानं फटकळ. हाउके समुद्रकाठचा, पार वरच्या उत्तरेचा. तो तिला "ओटमारचा कुत्रा" म्हणायचा आणि ती त्याला "सुकट."

शनिवारी ओटमार खोली झाडायचा. सफाईवाले होते, तरी झाडायचा. श्वाबी, म्हणजे त्या मुलखातल्या, घरात जिन्याची झाडूची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. ओटमारनं तसली एक लाकडी पाटी घरून करून आणली होती आणि ती कायम स्वतःच्याच खुर्चीला लटकवलेली. हाउकेनं एकदा विचारलं, "माझी पाळी कधी?" ओटमार म्हणाला, "तुला कोपरे दिसत नाहीत."

आणि त्या खोलीत चालायचं काय, तर अणूंना फुगवायचं. रुबिडियमचे थोडे अणू काचेच्या पेटीत, हवा सगळी काढून घेतलेली, लेझरनं त्यांना इतकं थंड करायचं की जवळपास जागच्या जागी थांबतात. मग दुसऱ्या लेझरचा एक टोला द्यायचा. टोला बसला की अणू हजारो पट फुगतो. राइनहिल्ड त्यांना "जाडे" म्हणायची. जाड्यांना लांबच्या शेजाऱ्याचीही चाहूल लागते. दोन जाडे शेजारी आले की आपसात ओझं बदलतात, तू माझं घे, मी तुझं घेतो. किंवा बदलत नाहीत. आणि कुणी बघत नसेल तर दोन्ही होतं. बदललं तेही आणि नाही बदललं तेही. मग ठरावीक वेळ थांबून दुसरा टोला दिला की ती दोन्ही एकमेकांत येऊन मिसळतात. कधी एकमेकांना जोर देतात, कधी पार पुसून टाकतात. दोन टोल्यांमधली वेळ वाढवत जायची आणि पडद्यावर आकडा वर, खाली, वर, खाली. ओटमारची लाट.

हे सगळं ओटमारनं तिला एकदाच समजावून सांगितलं, मेन्साकडं, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीकडं, जेवायला जाताना. मेन्साला जायला दोन वाटा, एक तळ्याच्या अलीकडून आणि एक पलीकडून झाडांतून.

"समज, तू या वाटेनं गेलीस," तो म्हणाला. "आणि त्याही वाटेनं गेलीस. मेन्साच्या दारात दोन्ही तू एकत्र. आता नियम एकच. कुणी विचारायचं नाही, कुठल्या वाटेनं आलीस."

"विचारलं तर?"

"तर संपलं. मग तू एकाच वाटेनं आलेली असतेस. लाट गेली."

"म्हणून तुमच्याकडं कुणी काही विचारत नाही," मागून हाउके म्हणाला. ओटमार हसला नाही. पण मसूर आणि श्पेट्झलेच्या शेवयांची थाळी घेताना खांदे हलत होते, ते राइनहिल्डला दिसलं.

तर ती परीक्षा. ओटमार बाहेर आला, बापाच्या लग्नातला कोट घातलेला, घामानं मान चिंब. हाउकेनं आणि राइनहिल्डनं त्याला खाली वाकवलं आणि टोपी घातली. टाळ्या झाल्या. ओटमारनं हात वर नेला, चाचपत झाडू ओळखला, ब्रेत्झेल ओळखला, आणि मग कपाळावरच्या पत्रीला बोटं लागली. वाकलेल्या कोपऱ्यावर बोटं थांबली. त्यानं टोपी काढली, पत्रीकडं बघितलं, शेपटीकडं बघितलं, मग राइनहिल्डकडं बघितलं. बराच वेळ.

"बरं," तो म्हणाला. आणि टोपी परत घातली.

राइनहिल्डला आभाळ ठेंगणं झालं. बाकीच्यांनी खांद्यावर थापा मारल्या असतील, तिला "बरं" मिळालं होतं.

सफरचंदाची आंबट दारू ओतली गेली, बटाट्याच्या सॅलडचं भांडं फिरलं. प्रोफेसर आयझेले जाताना ओटमारला म्हणाले, "सोमवारी या माझ्याकडं. बोलू."

सोमवारी ओटमार आला, आयझेलेंच्या खोलीत गेला, लवकरच बाहेर आला. मग त्यानं आपला खण रिकामा केला, खोली झाडली, कोपरे झाडले आणि झाडूच्या पाळीची पाटी राइनहिल्डच्या खुर्चीला लटकवली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पाळी."

"अरे पण जातोस कुठं? थांब की. कुणी हाकललंय का तुला?"

"वडलांचे हात थरथरायला लागलेत. खिडक्या कोण करणार?"

"तू डॉक्टर झालास परवा. खिडक्या करणार?"

"खिडकीला पण काटकोन लागतो," तो म्हणाला. टोपीचं खोकं काखेत मारून बस धरायला निघून गेला. राइनहिल्ड खिडकीतून बघत राहिली. तळ्याच्या कुठल्या बाजूनं गेला ते झाडांमुळं दिसलं नाही.

डिसेंबरात खोलीत नवा लेझर बसला. जुना थकला होता, ओटमारच्या परीक्षेपासून यंत्र बंदच होतं. नवा लावून, जुळवून होईपर्यंत नाताळ येऊन गेला. जानेवारीत राइनहिल्डनं पहिल्यांदा यंत्र सुरू केलं. जाडे फुगले, दोन टोले बसले, आकडे आले. लाट नाही. पडद्यावर नुसती सपाट खरखर.

तिनं नव्या लेझरला शिव्या घातल्या. तो काढून परत लावला. जुना आणून बसवला. वायरी बदलल्या, आरसे पुसले, पंप तपासला. आकडा हलेल तर शपथ.

नेमकं तेव्हाच ज्यांच्याकडं ओटमारचा लेख छापायला गेला होता त्यांच्याकडून निरोप आला. लेख चांगला आहे, पण हीच लाट आणखी एकदा मोजून दाखवा, जरा जास्त वेळ थांबून. त्यात वावगं काही नव्हतं, असं सगळेच मागतात. पण दाखवायचं काय?

आयझेलेंनी तिला बोलावलं. म्हातारा सरळ होता, सगळ्यांना अहो-जाहो करायचा.

"राइनहिल्ड, ईस्टरपर्यंत बघा. नाही आली तर लेख मागं घ्यावा लागेल."

"आणि मग ओटमारची डॉक्टरकी?"

"मी आत्ता ते बोलत नाही."

"पण लोक बोलतील ना, प्रोफेसर. त्याचा प्रबंध त्याच लाटेवर उभाय."

आयझेलेंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "लोक बोलतील," ते म्हणाले.

लोकांच्या आधी हाउके बोलला. कॉफीच्या यंत्रापाशी, आणि वाईट हेतूनं नाही. "मी म्हणतो, समज कधी नव्हतीच ती लाट. कुठलीतरी वायर गुणगुणत असेल, आकडा तिच्याबरोबर हलत असेल. ओटमारला खरंच वाटलं असेल. लबाडी केली असं नाही म्हणत मी."

राइनहिल्डनं हातातली कॉफी कुंडीत ओतली. "तू त्याच्या डोक्यावर टोपी घातलीस, सुकट."

"टोपीचा काय संबंध?"

"घातलीस ना? मग परत हे बोलायचं नाही."

त्यानंतर ती हाउकेशी बोलायची बंद झाली. एकाच खोलीत बसायचं आणि स्क्रूड्रायव्हर मागायचा तर भिंतीकडं बघून मागायचा. शनिवारी ती खोली झाडायची, कोपऱ्यांसकट. ओटमारला फोन करायचा विचार रोज यायचा आणि रोज ती तो गिळायची. फोन करून सांगणार काय? तुझी लाट सापडत नाही आणि तुला लबाड म्हणायची तयारी चाललीय?

फास्नेट आला. थंडीला हुसकून लावायचा तो सण, आठवडाभर मुखवटे आणि घंटा. टेकडीवर निम्मे लोक सुट्टीवर. राइनहिल्डनं एका सकाळी बस धरली आणि पठारावर गेली. ठरवून गेली होती, लाट गेली हे सांगायचं नाही. नुसतं बोलता बोलता काढून घ्यायचं, तू काय काय करायचास, कशाच्या आधी कशाला हात लावायचास.

दार ओटमारच्या आईनं उघडलं. फ्राउ श्ट्रोबेल बुटक्या, गोल, हात कोपरापर्यंत पिठात. स्वयंपाकघरात फास्नेटच्या पुऱ्या तळणं चाललं होतं.

"तू ती ट्रामवाल्याची पोर ना? ये. बूट तिथं. ओटमार कारखान्यात आहे, येईल एवढ्यात. बस बाहेरच्या खोलीत, कपाटाला हात लावू नको."

बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या शेल्फवर, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला जुना लाकडी रेडिओ, यांच्या मधोमध टोपी मांडली होती. राइनहिल्डनं बघितलं आणि तिला हसू फुटलं. पत्री लखलखत होती. आईनं ती घासून आरशासारखी केली होती.

"तुम्ही पॉलिश केलीत?"

"नाहीतर काय. डॉक्टरची टोपी आणि त्यावर काळं डबडं. पाव्हणे येतात घरी." फ्राउ श्ट्रोबेल साखर भुरभुरवलेल्या पुऱ्या घेऊन आल्या. "पण गुणाची आहे हां. हा दिवा लावला की रेडिओ गुरगुरायचा. कित्येक वर्षं. म्हाताऱ्याला दिव्याखाली बसून बातम्या ऐकायच्या असतात, आणि रोज शिव्या. टोपी मध्ये ठेवली आणि गप. देवाची कृपा."

राइनहिल्डनं पुरी तोंडाशी नेली होती. ती तिथंच राहिली.

"तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"कुठं काय? ठेवली. ती शेपटी लोंबत होती, धूळ बसते, म्हणून मागं हीटरच्या नळात खोचली."

राइनहिल्ड उठली. शेल्फमागं वाकून बघितलं. विणलेली तार दोन वेढे घेऊन लोखंडी नळाला घट्ट. नळ भिंतीत, भिंतीतून जमिनीत. तिनं तार सोडवली. दिवा लावला. रेडिओ लावला. रेडिओ गुरगुरला. तार परत नळाला लावली. रेडिओवर बाई हवामान सांगत होती, आवाज स्वच्छ.

"अगं, काय करतेयस? खेळणं आहे का ते?"

राइनहिल्ड खाली जमिनीवरच बसली. तिच्या डोळ्यांसमोर काचेची पेटी आली. पेटीच्या उजव्या अंगाला अणू मोजायच्या नळीची जाड वायर, तिच्यात हजारो व्होल्ट, आणि वायर आणि पेटीच्या मधोमध रिकामी जागा. जिथं पत्री होती ती. जाड्यांना लांबच्या शेजाऱ्याची चाहूल लागते, तशी त्या वायरीचीही लागत असणार. एवढंसं विजेचं थरथरणं, आणि त्यांची दोन वाटांची गोष्ट कुणीतरी मध्ये येऊन विचारून टाकल्यासारखी. लाट गेली. आणि पत्री काढणारे हात कुणाचे, तर हे.

ओटमार आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा.

"आलीस," तो म्हणाला. "लाट?"

"लाट गेली," राइनहिल्ड म्हणाली. ठरवलेलं सगळं एका दमात मोडलं. "जानेवारीपासून नाही. लेख अडकलाय. ईस्टरपर्यंत नाही मिळाली तर मागं घेणार. लोक तुझ्याबद्दल बोलायला लागलेत. आणि ती मी घालवली. ही बघ, तुझ्या टोपीवर लावून दिली."

ओटमारनं टोपीकडं बघितलं. मग तिच्याकडं.

"मला वाटलं, तू दुसरी लावली असशील."

"दुसरी? तू म्हणालास खात-पीत नाही."

"मग? खाते का?"

"ओटमार, मारीन मी तुला. काम करते असं सांगायला काय झालं होतं?"

"असू दे तिथं, असं सांगितलं होतं की." तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. गुडघे वाजले. "मोजणीची वायर त्या बाजूनं आली तेव्हा बसवली होती. माझ्या पहिल्या वर्षी. एकदा बसवली, नीट चालली. नीट चाललेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं?"

स्वयंपाकघरातून तेलाचा चुरचुर आवाज येत होता. मग ओटमारनं खिशातली घडीची पट्टी काढली, पत्रीची लांबी घेतली, रुंदी घेतली. "कारखान्यात तांबं आहे. दुसरी कापून देतो."

"नको. हीच पाहिजे. तू मोजलंस तेव्हा हीच होती. उद्या कुणी म्हणायला नको की पत्री बदलली म्हणून आकडा बदलला."

ओटमारनं मान हलवली. तेवढ्यात आई दारात.

"टोपी फोडायची? माझ्या घरात? डॉक्टरकी काय पुऱ्या आहेत, एक काढून एक टाकायला? शेजारची हिल्डेगार्ड येऊन हात लावून गेलीय त्या टोपीला."

"आई, पत्री परत नाही गेली तर डॉक्टरकीच जाईल," ओटमार म्हणाला.

फ्राउ श्ट्रोबेलनी हात अॅप्रनला पुसले. मग त्यांनीच जाऊन टोपी उचलली, मांडीवर घेतली आणि सुरीच्या टोकानं पत्री सोडवायला लागल्या, मासा साफ करावा तशा. "रेडिओ गुरगुरणार आता," त्या पुटपुटल्या. "आणि कपाळ मोकळं कसं ठेवू?" त्या आत गेल्या आणि नाताळच्या बिस्किटांचा चांदणीचा साचा घेऊन आल्या. पत्रीच्या जागी चांदणी बसली. राइनहिल्डच्या पिशवीत पत्री आणि वर पुऱ्यांचा डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राइनहिल्ड खोलीत गेली तेव्हा हाउके बसलेला होता. तिनं पत्री काढली. हाउकेनं चमक बघितली, मग पेटीकडं बघितलं, मग त्या रिकाम्या जागेकडं. उठला आणि स्क्रू देत राहिला, एकेक करून. तार टेबलाच्या पायाला बांधली. यंत्र सुरू केलं.

आकडा वर गेला. मग खाली आला. दोन टोल्यांमधली वेळ वाढवली, वर. आणखी वाढवली, खाली. जेवायच्या वेळेपर्यंत पडद्यावर लाट उभी राहिली, ओटमारच्या लाटेवर ठेवली तर रेघ रेघेवर बसेल अशी.

हाउकेनं ओटमारची जुनी रेघ पडद्यावर ठेवून बघितली. "शिव्या देण्यासारखं यात मला काही दिसत नाही," तो शेवटी म्हणाला.

"उत्तरेचा असून शिकलास," राइनहिल्ड म्हणाली. जानेवारीनंतर ती पहिल्यांदा त्याच्याकडं तोंड करून बोलली. पुऱ्यांचा डबा उघडून तिनं त्याच्यापुढं सरकवला. आणि पुढच्या शनिवारी झाडूच्या पाळीची पाटी हाउकेच्या खुर्चीला लटकलेली होती.

लेख छापून आला. ओटमारचं नाव पहिलं, राइनहिल्डचं दुसरं. तिनं एक प्रत पठारावर पाठवली. उत्तर म्हणून एक खोकं आलं, भुशात गुंडाळलेली लाकडी चौकट, छोट्या खिडकीची, चारी कोपरे काटकोनात. चिठ्ठी नव्हती. ती चौकट पुढं तिच्या प्रत्येक घरात तिच्याबरोबर गेली.

आता तिथं ती खोलीच नाही. इमारत पाडून नवी केली, तळ्याची पलीकडची वाट बंद झाली, मेन्सात मसूर गुरुवारी मिळायचे ते बुधवारी मिळतात. राइनहिल्डलाही टोपी मिळाली, हाउकेनं केली. तिच्यावर सगळीकडून स्क्रू आणि मधोमध एक मोठी पाटी: कशालाही हात लावू नये. ती आता मोजमापाची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत आहे. नवीन पोरं आली की त्यांना पहिलं वाक्य सांगते, ही वस्तू काय काम करते ते बोलून दाखव, नाहीतर मी काढून फेकीन. पोरांना ती खवट वाटते. तरी मधूनच एखाद्याचं काम खरंच नीट झालं की तिच्या तोंडून निघतं ते "बरं" एवढंच, आणि मग टेकडी आठवते, शनिवारचा झाडूचा आवाज, अर्धा ब्रेत्झेल, तळ्याकाठची वाट. ओटमार परत कधी शास्त्राकडं वळला नाही. बाप गेल्यावर कारखाना त्याचाच झाला. आल्बवर कित्येक घरांना त्याच्या खिडक्या आहेत, आणि वारा आत येत नाही.

तो वडलांच्या हातांसाठी गेला, असं राइनहिल्ड वर्षानुवर्षं धरून चालली होती. आयझेले निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मेजवानीत ती त्यांच्या शेजारी बसली आणि ओटमारचा विषय निघाला. म्हातारा ग्लासाकडं बघत होता. परीक्षेनंतरच्या त्या सोमवारी, ते म्हणाले, त्यांनी ओटमारला आणखी दोन वर्षं खोलीत ठेवून घ्यायची सोय केली होती, पगारासकट. तिकडं त्याच्या चुलतभावानं कारखाना बघायचं कबूलही केलं होतं. आदल्या आठवड्यात ओटमार स्वतः त्यांना राहतो म्हणून सांगून गेला होता. सोमवारी आला आणि नको म्हणाला. कारण विचारलं तर त्यानं एवढंच सांगितलं की राइनहिल्डनं माझी पत्री काढून टाकली, म्हणजे तिनं त्याहून चांगलं काहीतरी बसवलंय, आता तिथं माझी गरज नाही.